साहेबांच्या रश्श्यातलं पाणी
एसीतून पाणी टपकलं की मला सौदीतल्या यान्बूतला तो शुक्रवार आठवतो. मटणाला नव्वद रियाल लागले होते आणि घरात आम्ही नवरा-बायको, मुलगी व माझे इंग्रज साहेब होते. माझ्या कराराची मुदत वाढणं त्यांच्या सहीवर अडलं होतं, आणि नेमके तेच स्वतःहून जेवायला आले, तेही एक जुना विनोदी सिनेमा घेऊन, याचा मला संशय आला. टीव्हीवर हिंदुस्थानातली गोरी पलटण होती, आणि तोंडाला रंग फासून गोरेच हिंदी सरदार झाले होते. साहेब सिनेमा सोडून आमचे चेहरे पाहत होते. "हसू नकोस, परीक्षा घेतायत," मी बायकोला मराठीत बजावलं. "अहो, आणि न हसल्याबद्दल नापास केलं तर?" सिनेमात शेवटी तोफांनी छत कोसळत होतं आणि गोरे अधिकारी निवांत जेवत होते. तेवढ्यात आमच्या एसीचं पाणी साहेबांच्या रश्श्यात टपकू लागलं. ते जागचे हलले नाहीत, घास घेत राहिले. बायकोला हसू आवरेना. "सुटलो बुवा," अशा अर्थाचं काहीतरी साहेब इंग्रजीत म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही रागावलात." सही त्यांनी आदल्या दिवशी, गुरुवारीच केली होती, हे नंतर कळलं. एसीवाल्याला साठ रियाल दिले. त्यातले तीस साहेबांनी का दिले, याचा मला आजही संशय आहे.