गाडीवाटेची साक्ष

मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे येळवशीला, लातूर जिल्ह्यात घरी जेवणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर रामकिशन असतो. सगळा गाव शेतात. कडब्याची कोपी उभारायची, तिच्यापुढं कडधान्यं-पालेभाज्यांची भज्जी नि आंबील ओरपायची, वाटेनं जाणाऱ्याला हात धरून जेवायला ओढायचं. आणि हा बाबा सहा वर्षं दर येळवशीला आतून कडी लावून बसलेला. बायको गेली, लेक बालाजी नोकरीच्या गावी. लोक म्हणतात, म्हातारा तुसडा झाला. तुसडा कसला! पोटात पाप आहे, ते शेताकडं जाऊ देत नाही.

रेणापूर तालुक्यातल्या त्या गावात विरूपाक्ष आणि रामकिशन एका ताटात जेवून वाढले. विरूपाक्षाच्या शेताला जायची गाडीवाट हणमंतरावांच्या रानातून. सहा वर्षांमागं हणमंतरावांनी ती नांगरून टाकली नि म्हणाले, इथं वाट कधी नव्हतीच. प्रकरण तहसीलीत गेलं. विरूपाक्षानं साक्षीदार एकच दिला, रामकिशन. दुसरा कशाला हवा? त्याच वाटेनं दोघांनी पोरपणी गाड्या हाकल्या होत्या.

साक्षीच्या आदल्या आठवड्यात हणमंतराव रामकिशनच्या घरी आले, चहा घेतला, "बालाजीला आपल्या रेणापूरच्या शाळेवर शिपाई म्हणून घेऊ," म्हणाले. बस्स, एवढंच. आणि तहसीलदारापुढं रामकिशन म्हणाला, "तिथून बैलगाडी गेलेली म्या कधी बघितली न्हाई, साहेब."

त्याला वाटलं होतं, गावातली भांडणं गावातच मिटतात. चार दिवस तोंडं फिरतील, येळवशीला पुन्हा एका कोपीत बसू. कशाचं काय! निकाल विरूपाक्षाच्या विरुद्ध गेला. पेरायला जायला वाटच नाही, म्हणून विरूपाक्षानं ते शेत हणमंतरावांनाच विकलं आणि लातूरला लेकीकडं निघून गेला. गावात कुणाला एका शब्दानं बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर रामकिशनला बरं वाटलं असतं.

यंदा येळवशीला मात्र त्यानं पहाटे उठून कशीबशी भज्जी शिजवली, डबा भरला आणि लातूर गाठलं. विरूपाक्षानंच दार उघडलं. पार वाळून गेलेला.

"ये," एवढं म्हणून तो खाटेवर जाऊन बसला.

"इरूपाक्षा, म्या खोटं बोललो. वाट व्हती."

"मला कशाला सांगतूस? मला ठाऊक न्हाई का?" विरूपाक्षानं आत हाक मारली, "तनुजा, भाईर ये." मग रामकिशनकडं बघून म्हणाला, "हिला सांग. हिला वाटतंय, बापानं उगंच भांडून शेत घालवलं."

तनुजा पिठाचे हात पुसत आली. लहानपणी ती रामकिशनच्या खांद्यावर बसून जत्रा बघायची. तिच्यापुढं त्यानं सगळं सांगितलं, बालाजीच्या नोकरीसकट. काही मागं ठेवलं नाही.

तनुजा बापाकडं वळली. "आप्पा, मी सहा वर्सं तुम्हालाच बोल लावला," म्हणाली आणि त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडायला लागली. विरूपाक्ष तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला.

रामकिशन उभाच. बस म्हणालं नाही कुणी. डबा त्यानं उंबऱ्याशी ठेवला. "येतो," म्हणाला, तेही कुणाला ऐकू गेलं नाही. जिना उतरताना त्याच्या ध्यानात आलं, माफी मागायची तर राहूनच गेली. तो मधल्या पायरीवर थांबला. वर विरूपाक्ष लेकीला सांगत होता, वाट कुठून सुरू व्हायची, कुठं वळायची. रामकिशननं थोडा वेळ ऐकलं आणि खाली उतरला.