जावेसमोरचं बेट

सूड उगवायच्या घाईत मी एकदा गाढवपणा केला. आज हातगाडीवरच्या खरबुजांचा वास आला आणि माझंच मला हसू फुटलं.

धरणाचं पाणी हटलं की चुलत जावेच्या काठासमोर एवढंसं बेट उघडं पडायचं. खोल पाणी त्याच्याच पलीकडं, आणि जो आधी पेरील त्याचं बेट. आदल्या साली तिनं ते धरलं, आमची पाणी उपसायची मोटार तिथं बसू दिली नाही. आमची मोसंबी जळाली. आता तिची बाग वाळवायचीच, म्हणून आधी पेरायला बेट बुडालेलं असतानाच मी गुडघाभर पाण्यात खरबुजाचं बी फेकून आले. केवढी हुशार मी! बी तरंगत गेलं आणि तिच्याच काठच्या गाळात रुजलं.

उन्हाळ्यात जाऊ खरबूज घेऊन दारात उभी राहिली.

"घे गं, तुझाच सूड हाय. लई गोड निघाला."