मेलेली तार

शाहनवाज मिस्त्री चाळीस वर्षं नाशकात तंबोऱ्याची जवारी लावत आले, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती घोडी घासून त्यांना झणझण आणत आले. आता तंबोरे मोबाइलमध्ये गेले. म्हणून त्यांनी एका बँडवाल्याचा माणसाएवढा, चार जाड तारांचा डबल बास घरी दुरुस्तीला घेतला. त्याची एक तार खालच्या लाकडाला लागून झणझणत होती. ती झणझण काढायची होती.

तारेखाली पट्टी सरकवताच तिची झणझण गप्प झाली. मिस्त्रींना ते सोसेना. "मेली ही," म्हणत त्यांनी पट्टी उपटली आणि कानशीनं घोडीवरच्या खाचा इतक्या खोल केल्या की चारही तारा झणझणल्या. मग सुखानं डोळे मिटले.

"अहो, हेच काढायला दिलं होतं ना त्यानं?" बायको आलिमानं दारातून विचारलं.

मिस्त्रींनी डोळे उघडले. घासलेलं लाकूड परत येत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.