झेंडूच्या वावराचे आकडे

उपग्रहाचा नकाशा संगणकावर नवाच आला होता. नाशिकच्या सायबर कॅफेत शेजारी बसलेल्या मावशींचं नाव विचारायचं राहूनच गेलं. परदेशातल्या लेकीला त्यांना आपलं झेंडूचं वावर दाखवायचं होतं. मी माऊस धरला. गावातलं मारुतीचं देऊळ दिसताच त्यांचं बोट काचेवर चालू लागलं.

"ओढा उतर. आता बांधाबांधानं चल. थांब, थांब, हीच माझी विहीर."

सगळा कॅफे वळून बघायला लागला. मी विहिरीवर बाण नेला, तसे खाली अक्षांश-रेखांश उमटले. ते लेकीच्या ईमेलमध्ये टाकताना पाहिलं, मावशींनी टेबलाखाली चपला काढल्या होत्या.

"वावरात चपला घालून कसं जायचं? देवीला जाणारी फुलं हायेत. लेकीलाबी लिही, चपला काढून बघ म्हणावं."