उजेडाच्या बाई

बाई कुणाच्याही घरी पहिल्यांदा आल्या की आधी चपला काढायच्या आणि मग दिवे बंद करायच्या. आमच्या ऊद मेथाच्या फ्लॅटमध्ये त्या चहाला आल्या तेव्हा दुपारचे चार वाजले होते. बाहेर रणरणतं ऊन, आत पडदे ओढलेले आणि ट्यूबलाइट चालू, म्हणजे दुबईतल्या कुठल्याही घरात असतं तसंच. बाईंनी हसून नमस्कार केला, भिंतीवरची बटणं शोधून एकेक दिवा मालवला आणि पडदा वीतभर सरकवला. "लाइट गेले का हो?" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. आम्ही तिथे राहायला आल्यापासून वीज एकदाही गेली नव्हती, पण तिचं माहेर सांगलीकडचं, सवय जाते कुठे! "डॅडी, आँटी स्विच्ड ऑफ एव्हरीथिंग!" ही आमच्या कन्येची तक्रार. बाईंवर ढिम्म परिणाम नाही. "थांब गं," त्या म्हणाल्या, "तुमची खोली तर बघू दे. दिव्यांमुळे अजून दिसलीच नाही."

बाई म्हणजे आमच्या ऑफिसातल्या बाई. पुण्याच्या एका शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या. यजमानांना जबल अलीच्या एका कंपनीत नोकरी लागली, म्हणून शारजाला आल्या आणि अल मजाजच्या तळ्याकाठी बिऱ्हाड केलं. मी त्यांना शाळेतल्यासारखं 'बाई' म्हणायला लागलो, आणि आमच्या लेबनीज मालकांना ते त्यांचं नावच वाटलं. ते शेवटपर्यंत, म्हणजे ऑफिस बंद पडेपर्यंत, त्यांना 'मिस बाई' म्हणत. आम्ही इंटिरियर डिझाइनवाले. मी नकाशे काढायचो आणि बाई त्यावरून खोलीचं चित्र जलरंगात रंगवून द्यायच्या, गिऱ्हाइकाला दाखवायला. मग कॉम्प्युटर आला. "मिस बाई, ब्रश खलास!" मालकांनी जाहीर केलं. चाळिशी उलटलेल्या बाईंनी ब्रश धुऊन ठेवले, चष्मा पुसला आणि त्या एका बोटाने टायपिंग करत मशीनपुढे बसल्या.

त्या काळातली कॉम्प्युटरची चित्रं ज्यांनी पाहिली असतील त्यांना आठवेल. फरशीला तूप चोपडल्यासारखी चकाकी, उजेड सगळीकडे सारखा आणि फर्निचर जमिनीपासून चार बोटं वर तरंगतंय. आम्हाला ते भारी वाटायचं. बाई मागून येऊन म्हणायच्या, "टेबल उडतंय तुमचं. सावली कुठाय? सावली फक्त भुताला नसते." मशीन स्वतःहून खोलीत जे दोन-चार दिवे टांगून देई, ते सगळे त्या आधी काढून टाकायच्या. मशीनचा पडदा काळाकुट्ट. मग एका खिडकीतून ऊन आत घ्यायच्या आणि गालावर हात ठेवून बघत बसायच्या. "दिवा लावणं सोपं आहे हो," त्या म्हणायच्या, "उजेड कुठून आला ते आधी सांगा."

एकदा त्यांनी आम्हा सगळ्यांना खिडकीपाशी बोलावलं. पांढऱ्या भिंतीला टेकवून एक लाल फाईल उन्हात धरली. भिंतीवर फिकट गुलाबी छटा उमटली. "बघा, भिंत लाजली." इतकी वर्षं मी भिंती काढतोय, पण भिंत लाजते हे मला ठाऊक नव्हतं. गालिच्याचा रंग भिंतीवर चढतो, छताला फरशीचा रंग लागतो, हे आमच्या मशीनला कळत नसे. म्हणून बाई गालिच्याजवळ एक अगदी मंद लाल दिवा लपवायच्या, छताखाली एक मातकट. असे कितीतरी दिवे, आणि एकही दिसायचा नाही. मालक मागून येरझाऱ्या घालत, "मोअर लाइट, मिस बाई, यल्ला, क्विक!" बाई हो म्हणत आणि होतं तितकंच ठेवत. गिऱ्हाईक ते चित्र पाहून हात पुढे करी, जणू आत जाऊन बसणार.

काम सुरू करण्याआधी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. "दिवसभर या खोलीत कोण बसणार?" व्हिलाच्या मालकांना तो प्रश्न विनोदी वाटे. त्या खोल्यांत दिवसभर बहुधा एसीच बसलेला असायचा.

हमीदभाई आमच्या ऑफिसचे ड्रायव्हर, रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावचे. त्यांचं गावात जुनं घर पाडून नवं बांधायचं चाललं होतं. धाकटा भाऊ देखरेख करत होता आणि भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या. एक दिवस नकाशाची गुंडाळी घेऊन ते बाईंकडे आले. "बाई, आपल्या घराचा पण एक फोटो बनवा ना. शेखच्या व्हिलासारखा. अम्माला पाठवतो." नकाशा बघून मला कौतुकच वाटलं. हमीदभाईंनी अख्खी दुबई गावात नेली होती. रस्त्याच्या बाजूला काळ्या काचेची मोठी बंद खिडकी, फॉल्स सीलिंग, त्यात लपवलेले दिवे. जुन्या घराच्या पूर्वेकडच्या खिडकीच्या जागी जिना आणि बाथरूम.

"दिवसभर कोण बसणार?" बाईंनी विचारलं.

"अम्माच. मी इथे, भाऊ दिवसभर बाहेर. नजर कमी झालीय तिची. सकाळी कुराण वाचते, तेवढंच. दिव्यात अक्षर दिसत नाही म्हणते, उन्हातच दिसतं."

"खुर्चीत बसतात की खाली?"

"खाली. चटईवर."

आठवड्याभरात चित्र तयार झालं. छतातले दिवे मंद पेटलेले, काळ्या काचेत सोफ्याचं प्रतिबिंब. ऑफिस गोळा झालं. "माशाल्ला," हमीदभाई म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. बाई म्हणाल्या, "आता दुसरं बघा. तीच खोली, सकाळचे साडेआठ, वीज गेलेली. जाते ना तुमच्याकडे?"

"जाते ना. पावसात तर दोन-दोन दिवस."

दुसऱ्या चित्रात अंधार होता. नीट पाहिल्यावर कोपऱ्यात चटई दिसत होती आणि कुराण ठेवायच्या लाकडी रेहालवर उघडलेलं पुस्तक. पानं काळी होती.

"थोडा उजेड वाढवा ना, बाई."

"इथे वाढवते हमीदभाई, एका बटणाचं काम आहे. पण तिकडे अम्मांना ते बटण कुठून देऊ?"

हमीदभाईंनी गाडीची किल्ली उचलली आणि ते निघून गेले. त्यानंतर बाईंना साइटवर नेताना ते गाडीत एक अक्षर बोलत नसत. मला बाईंचा रागच आला. गरिबाच्या स्वप्नात काडी घालायचं काय कारण? उभी भिंत पाडायची म्हणजे जिना हलणार, काम थांबणार, राबणारा भाऊ दुखावणार आणि गाव हसणार ते वेगळंच. अम्मा तर तोंडातून तक्रारीचा शब्द काढणाऱ्या नव्हत्या. "तुम्हाला काय पडलंय? द्यायचं होतं पहिलं चित्र, खूश होता बिचारा," मी म्हणालो. बाईंनी चहा ढवळला. "निसर्गचित्रात खोटा सूर्य काढा, कुणाचं काही जात नाही," त्या म्हणाल्या. "पण घराच्या चित्रात पुढे माणूस जाऊन बसतं."

एका सकाळी हमीदभाई टेबलापुढे येऊन उभे राहिले. अम्मांना फोन केला होता म्हणे. वाचायला बसशील कुठे, असं विचारलं, तर त्या म्हणाल्या, तू बांधशील तिथे बसेन, वाचून तर खूप झालं. एवढं सांगून त्यांनी नकाशा टेबलावर पसरला. "बाई, खिडकी कुठे पाहिजे?" त्यांनी विचारलं.

शुक्रवारची सुट्टी मोडून बाई आणि मी बसलो. जिना पश्चिमेला नेला, पूर्वेला खिडकी घेतली. मी तिची चौकट नेहमीच्या उंचीवर काढली, तर बाईंनी माझा हात धरला. "खाली घ्या. त्या चटईवर बसतात." मग त्यांनी सकाळचं चित्र पुन्हा केलं, आणि ऊन पुस्तकाच्या पानापर्यंत आलं. भावाने फोनवर आकाशपाताळ एक केलं. दुबईत बसून भिंती पाडायला सांगायला काय जातं, म्हणाला. हमीदभाईंनी ऐकून घेतलं, पण भिंत पाडायला लावलीच.

पुढे नवं सॉफ्टवेअर आलं. उजेड भिंतीवर आपटून कुठे जातो, ते मशीनच मोजू लागलं. बाईंचे लपवलेले दिवे निकामी झाले. त्यांना वाईट वाटेल म्हणून आम्ही जपून बोलत होतो, तर त्याच सगळ्यांना हाका मारू लागल्या. "या, या, बघा! याच्या भिंतीपण लाजतात!" इतका निर्मळ आनंद मी आमच्या धंद्यात पुन्हा पाहिला नाही. थोड्याच दिवसांत यजमानांची नोकरी संपली, पाठोपाठ व्हिसा संपला आणि बाई पुण्याला परत गेल्या. विमानतळावर त्यांना हमीदभाईंनीच पोचवलं.

त्या डिसेंबरात मी सुट्टीवर गेलो तेव्हा हमीदभाईंनी आग्रहाने गावी नेलं. सकाळी उठून बाहेरच्या खोलीत आलो. अम्मा खिडकीपाशी वाचत बसल्या होत्या. मी धंदेवाईक माणूस, चौकटीची उंची बघायला सरळ खिडकीपुढे जाऊन उभा राहिलो.

"सरक रे बाबा, उजेड अडवलास."

"अम्मा, हे दुबईचे साहेब. खिडकी यांनीच काढलीय," हमीदभाई ओशाळून म्हणाले.

"असू दे. पान होऊ दे माझं."

मी बाजूला झालो. ऊन पुस्तकावर पडलं आणि अम्मांचं बोट पुन्हा ओळीवरून चालू लागलं. मला त्या क्षणी बाईंची फार आठवण आली. हे बघायला त्या तिथे हव्या होत्या, मी नव्हे.

दुपारी रत्नागिरीहून मी पुण्याला फोन लावला. "बाई, पानावर ऊन येतं."

"एका की दोन्ही?"

"दोन्ही."

मग बाई म्हणाल्या, "मला चित्रात एकाच पानावर आणता आलं होतं हो."