ई-रीडरवर राहिलेली टीप

माझे वडील आयुष्यभर छापखान्यात होते. सुरुवातीला शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. पुढे खिळे गेले, कॉम्प्युटर आले, तेव्हा ते प्रुफं वाचायला लागले. निवृत्त झाल्यावरही ती सवय सुटली नाही. घरी आलेली लग्नपत्रिकासुद्धा ते हातात पेन घेऊनच वाचत. एखादी वेलांटी चुकलेली दिसली की त्यांना बरं वाटत नसे, मग ते ती दुरुस्त करून पत्रिका पुन्हा पाकिटात घालून ठेवत. त्या लग्नाला गेल्यावर यजमानांना चूक सांगत नसत, हे त्यांचं मोठेपण.

मी हिंगण्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. कंपनीची बस शहराच्या दुसऱ्या टोकापासून सुटते, त्यामुळे जायला एक तास आणि यायला सव्वा. या वेळात मी वाचायची. पण डबा, छत्री, पाण्याची बाटली आणि वर चारशे पानांची कादंबरी, हे सगळं सांभाळताना पुस्तकाचे कोपरे दुमडायचे, एकदा तर डब्यातली आमटी थेट शेवटच्या प्रकरणापर्यंत पोचली. त्यानंतर सीताबर्डीतल्या एका दुकानातून मी ई-रीडर घेतला. हातात धरला तर पातळ डायरीइतका. बसमध्ये उभं राहावं लागलं तरी एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने वाचता येई.

पण मला सगळ्यात आवडली ती वेगळीच गोष्ट. मी काय वाचते आहे ते कोणालाच कळत नसे. कागदाचं पुस्तक उघडलं की शेजारची बाई मुखपृष्ठ बघते, मग नाव विचारते, मग "काय आहे त्यात?" असं विचारते. ई-रीडरला मुखपृष्ठच नाही. राखाडी पाठ, बस्स. घरी मात्र याचाच उलटा परिणाम झाला. माझ्या मुलीला कितीतरी दिवस वाटत होतं की आई घरी आल्यावरही ऑफिसचे रिपोर्ट वाचते. आमच्या लहानपणी वडिलांच्या हातातलं पुस्तक आम्हाला लांबून ओळखू यायचं. माझ्या मुलीला माझं एकही ओळखता येत नव्हतं. हे लक्षात आलं तेव्हा मला वाईट वाटलं, पण मी वाचणं बदललं नाही.

आई गेली त्या हिवाळ्यात तर मला ती राखाडी पाठ फारच सोयीची झाली. आईला पोटाचं दुखणं होतं आणि ते कळलं तेव्हा उशीर झालेला होता. मी त्या वेळी कंपनीच्या प्रशिक्षणासाठी तीन महिने पुण्यात होते. रोज फोन व्हायचा. आई म्हणायची, "बरी आहे वं, थोडी अशक्ती आहे." वडीलही तेच म्हणायचे. मला बोलावलं तेव्हा आई दवाखान्यात होती आणि फारसं बोलण्याच्या स्थितीत नव्हती. मला चार दिवस मिळाले. डॉक्टरांशी बोलताना समजलं की वडिलांना दीड महिन्यापासून सगळं माहीत होतं.

मी वडिलांना काही विचारलं नाही. घरात माणसं येत होती, विहारातले लोक मदतीला होते, त्या गर्दीत विचारणं झालं नाही आणि नंतर राहूनच गेलं. मी कामावर परतले. बसमध्ये एक कादंबरी वाचत होते, आजारी आईची सेवा करणाऱ्या एका मुलीची. एका ओळीपाशी आले आणि पुढे वाचता येईना. मी त्या ओळीवर बोट दाबलं, ती ओळ अधोरेखित झाली आणि टीप लिहायची चौकट उघडली. माझ्या त्या जुन्या यंत्रात मराठी लिहायची सोय नव्हती. म्हणून रोमन अक्षरांत मराठीच लिहिलं: 'हिला निदान सेवा करता आली. बाबांनी मला सांगितलंच नाही. मी त्यांना कधी माफ करणार नाही.' मग पुस्तक बंद केलं. ती कादंबरी मी पूर्ण केली नाही, आणि लिहिलेलं विसरून गेले. कागदावर लिहिलं असतं तर पान चाळताना कधीतरी दिसलं असतं. इथे त्या टिपेचा फक्त एक बारीक आकडा राहतो, मुंगीएवढा.

दीड वर्षाने वडिलांचे डोळे बिघडले. पडद्याचा त्रास आहे, डॉक्टर म्हणाले, आहे तेवढी नजर सांभाळायची. वर्तमानपत्राचा मथळा दिसे, खालची बातमी दिसेना. ज्या माणसाने जन्मभर बारीक अक्षरं तपासली तो भिंग घेऊन एकेक ओळ शोधत बसला. मी तेव्हा नवीन, स्वतःचा उजेड असलेला ई-रीडर घेतला होता. जुना त्यांना नेऊन दिला. माझ्या खात्यावरची सगळी पुस्तकं त्यात होतीच.

पहिल्या दिवशी त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"याले पानाचे नंबर नाहीत?"

"टक्के दिसतात बाबा. खाली बघा, बारा टक्के."

"पुस्तक काय परीक्षा आहे का टक्क्यानं वाचायले?"

मग त्यांना जोडाक्षरं फुटलेली दिसली. एका पुस्तकात 'श्र' नीट उमटत नव्हता, दुसऱ्यात ओळीच्या शेवटी शब्द भलत्याच जागी तोडलेला. "हे असं पान आमच्या मालकानं बाहेर जाऊ दिलं नसतं," ते म्हणाले. पण मी अक्षरं मोठी करून दाखवली, एकेक अक्षर दुकानाच्या पाटीवर असावं तेवढं, आणि ते बोलायचे थांबले. पडद्यावर जेमतेम वीस-बावीस शब्द मावत होते. ते त्यांनी सगळे वाचले. मग मी दाखवल्याप्रमाणे कडेला बोट लावलं आणि पुढचे वीस वाचले. मी चहा करून आणेपर्यंत ते वाचतच होते.

पुढचे तीन-चार महिने चांगले गेले. सक्करदऱ्याला घराजवळच्या विहारात छोटं वाचनालय आहे, तिथे ते यंत्र घेऊन जायचे. तिथल्या मित्रांनी आधी थट्टा केली, मग मागायला सुरुवात केली. वडिलांना पुस्तक उसनं द्यायची जुनी हौस. पण इथे एक पुस्तक द्यायचं म्हणजे सगळीच द्यावी लागत. एकदा एका मित्राला त्यांनी यंत्र दिलं आणि स्वतः आठ दिवस नुसते बसून राहिले. मी रागावले तर म्हणाले, "त्याले पण दिसत नाही. मंग काहून नाही म्हणू?" त्यांना हवी ती पुस्तकं त्यात मिळत नाहीत ही तक्रार मात्र कायम होती. विहाराबाहेर, मेळाव्यांत मिळणाऱ्या पातळ पुस्तिका, गावोगावच्या लोकांनी स्वतः छापलेली आत्मचरित्रं, यातलं काहीच त्या यंत्रात नव्हतं. ती अजून कपाटात होती आणि ती मला त्यांना वाचून दाखवावी लागत. तरी दर दोन दिवसांनी फोन येई: "लिहून घे. सव्वीस टक्के, दुसरी ओळ, 'आणि' चा 'आणी' केला." मी लिहून घ्यायची. कोणाला कळवायचं ते मला माहीत नव्हतं.

मग फोन थांबले. मी केला तर ते नीट बोलत, पण पुस्तकांचा विषय काढत नसत. पंधरा दिवसांनी ते स्वतः आमच्या घरी आले. यंत्र धुतलेल्या रुमालात गुंडाळलेलं होतं.

"ठेव हे. मले नाही जमत."

"डोळे जास्त दुखतायत का?"

"हाव, तसंच समज," म्हणाले, आणि चहाला न थांबता गेले.

मला ते खरंच वाटलं. दोन दिवस यंत्र टेबलावर पडून होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ते चार्जिंगला लावलं, सहज सुरू केलं. हे यंत्र जिथे वाचणं सोडलं तिथेच उघडतं, हा त्याचा मोठा गुण सांगतात. तीच कादंबरी उघडली. दुकानाच्या पाटीएवढ्या अक्षरांत ती ओळ, आणि तिच्या डोक्यावर तो बारीक आकडा. बोट लावलं तर माझी टीप, तीही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. त्या दिवशी बस चुकली.

पुढच्या रविवारी सकाळी सक्करदऱ्याला गेले. वडील ओसरीत सुपात तुरीच्या शेंगा घेऊन सोलत बसले होते. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात आणि स्वयंपाक स्वतः करतात. मी समोर बसले, मूठभर शेंगा घेतल्या.

"बाबा, तुम्ही जिथं थांबला ते मी पाहिलं."

त्यांनी हातातली शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले.

"मले वाटलं छपाईची चूक आहे," ते म्हणाले. "ओळीच्या डोक्यावर एवढासा आकडा. बोट लावलं तं चौकट उघडली. अक्षरं इंग्रजी. म्हटलं, लेखकाची टीप असंल. मंग एकेक अक्षर जुळवत गेलो. 'बाबा' आलं तवा समजलं का हे माह्यासाठी आहे."

"तुमच्यासाठी नव्हतं लिहिलं. रागात लिहिलं होतं."

"रागात लिहिलं म्हून खोटं थोडीच होते?"

इतकी वर्षं बाहेर प्रमाण मराठी बोलून बोलून माझी जीभ वळलेली, पण त्या क्षणी घरचंच बोलणं आलं. "मंग काहून नाही सांगतलं मले?"

त्यांनी वाटीतला एक किडका दाणा वेचून बाहेर टाकला.

"तुही आई म्हणे, पोट्टी शिकणं सोडून येईल, तिचं नुकसान करू नका. शपथच घातली तिनं मले. तुले हेच सांगणार होतो मी, तू विचारलं असतं तं. पण हे अर्धंच आहे." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "अर्धं माह्यं. मले वाटे, तुले फोनवर सांगतलं का ते खरं होऊन जाईल. डॉक्टर बोलला ते आमच्या दोघांतच राहिलं तं कदाचित टळंल. इतकं वाचलेला माणूस मी, अन् असं धरून बसलो."

"मलाही तो दीड महिना पाहिजे होता, बाबा."

"हाव," ते म्हणाले. "तो तुहाच होता. मी ठेवून घेतला."

हे ऐकायची मी दोन वर्षं वाट पाहत होते असं मला तेव्हा कळलं. मी रडले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, तसा त्यांचा स्वभावच नाही. पण उठून पाणी आणलं आणि मी पेला रिकामा करेपर्यंत समोर उभे राहिले.

मी यंत्र सोबत आणलं होतं. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "ते लिहिलेलं पुसता येते का?"

"येतं. पण तुम्हाला राहू द्यायचं असेल तर..."

"काहून राहू द्यायचं? वाचनालयातले दोघं-तिघं घेतात हे वाचायले. आपल्या घरचं त्यायले कशाले?"

मला रडता रडता हसू आलं. मी टीप काढायचं बटण दाबलं. नक्की काढायची का, असं यंत्राने विचारलं, हो म्हटलं, आणि ओळ कोरी झाली. कागदावर खोडलं असतं तर खोडल्याची खूण राहिली असती. इथे काहीच उरलं नाही. ते मला बरं वाटलं की नाही, हे आजही सांगता येत नाही. दोन वर्षांचा राग एका बोटाने जातो हे पटत नव्हतं, आणि तो तसा गेलाही नव्हता. थोडा अजून आहे. फक्त आता त्याबद्दल आम्हाला बोलता येतं.

वडिलांनी यंत्र ठेवून घेतलं. ती कादंबरी त्यांनी पुढे वाचली नाही, मीही नाही. चुकांचे फोन पुन्हा सुरू झाले. मी मात्र त्यात टिपा लिहिणं बंद केलं आहे. काही लिहावंसं वाटलं तर वही आहे, आणि पुष्कळदा फोन आहे.

त्या दिवशी सोल्यांची, म्हणजे त्या ओल्या तुरीच्या दाण्यांची, उसळ शिजत असताना मी त्यांना म्हटलं, "त्या दीड महिन्यातलं काहीतरी सांगा." त्यांनी झाकण काढून उसळ ढवळली. मग सांगायला लागले की दवाखान्यात आईला बातम्या नको असायच्या. ती म्हणे, मले लग्नाच्या जाहिराती वाचून दाखवा. ते वाचायचे आणि ती एकेका मुलाला नापास करायची. हा फार उंच, याचं गाव दूर, यानं पगार कशाला लिहिला. वॉर्डातली नर्स ऐकत उभी राहायची. एक दिवस नर्सच म्हणाली, माझ्या भाचीसाठी एक स्थळ आलं आहे, बघता का? आईने फोटो बराच वेळ निरखून पाहिला.

"अन् काय म्हणाली?" मी विचारलं.

"नापास," वडील म्हणाले. "म्हणे, पोट्टा चांगला आहे, पण शर्ट उसना घातलेला दिसते."