तात्पुरती बाहेर

रेनेल स्टिडम घरातून निघाली ती घराची किल्ली टेबलावर ठेवूनच. केंटकीच्या डोंगरातल्या त्या गावात पोरी लग्न करून बापाचं घर सोडतात. ही कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या जोरावर सोडत होती. फी, वसतिगृह, जेवण, सगळं त्यात. टायरच्या दुकानात हात पुसत बाप व्हर्नन एवढंच म्हणाला, "बघू किती टिकतं." उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आली, तीसुद्धा पाहुणीसारखं दार वाजवून.

दुसऱ्या वर्षी तिने आपलं पहिलं कर विवरण फोनवरच भरलं. 'कोणी तुम्हाला आपल्यावर अवलंबून दाखवू शकतं का?' या प्रश्नाला बाईसाहेबांनी ठसक्यात 'नाही' दाबलं आणि फार दिवसांनी शांत झोपल्या.

मग व्हर्ननचं विवरण करखात्याकडून परत आलं. त्याने करसवलतीसाठी आपल्यावर अवलंबून म्हणून लेकीचं नाव घातलं होतं, आणि लेक सरकारदरबारी आधीच स्वतंत्र होऊन बसलेली. शनिवारी दोघं चर्चच्या तळघरात ओलेटामावशींसमोर बसली. मावशी निवृत्त शिक्षिका. गावाचे कर फुकट भरून देतात.

"मावशी, माझा खर्च शिष्यवृत्तीतून चालतो. मी कुणाची का असेन?"

"ती इथे धरत नाहीत गं. निम्म्याहून जास्त खर्च स्वतःच्या पैशांतून केलास तरच तू स्वतंत्र. ती सोडून तुझं काय? भोजनालयात ताटं विसळतेस, तेवढंच. फोन, विमा कोण भरतं?"

"बाबा. पण मी घरी राहतच नाही."

"शिकायला गेलेलं पोर घरीच राहतं असं धरतात. तू तात्पुरती बाहेर आहेस. शिकत राहिलीस तर चोविशीपर्यंत."

"आणि राहण्याजेवण्याची शिष्यवृत्ती?"

"ते तुझं उत्पन्न. त्यावर कर बसला तर तो तुलाच."

"म्हणजे उत्पन्न माझं, आणि मी बाबांची."

व्हर्नन हसला नाही, हे त्याचं नशीब. रेनेलने भांडावं तर कोणाशी? मावशींचं बोट नियमाच्या बरोबर ओळीवर होतं, आणि बाप तर गरीब गाईसारखा बसलेला. तिने आपल्या विवरणाच्या दुरुस्तीच्या कागदावर सही केली.

बाहेर गाडीपाशी व्हर्ननने खिशातून तिने टेबलावर ठेवलेली घराची किल्ली काढली. इतके महिने ती त्याच्याच खिशात होती.

"घे पोरी. दार वाजवत बसू नकोस, सकाळी मला दुकान असतं."

तिने ती वसतिगृहाच्या किल्लीशेजारी अडकवली. वसतिगृहाची मे महिन्यात परत द्यायची होती. ही कोणी परत मागणार नव्हतं.